अठरानंतर थेट वीस

तिला सगळे यादीताई म्हणत. खरं नाव वाचनालयाच्या परवान्यावर होतं आणि नवऱ्याच्या तोंडी होतं, तेही तो चिडला असेल तेव्हाच. तो बेकरीत भट्टीवर होता, पहाटे जायचा, दुपारी येऊन झोपायचा. त्यामुळे चिडायलाही त्याला फारसा वेळ मिळत नसे.

वाचनालय दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत लांब टेबल, वर्तमानपत्रं, आणि ती वाचण्याच्या निमित्तानं पंख्याखाली बसायला येणारी चार माणसं. मागच्या खोलीत छतापर्यंत कॉमिक्स. बहुतेक सगळी सुपरहिरोंची. उडणारे, पेटणारे, भिंतीतून आरपार जाणारे, काळ मागे फिरवणारे, आणि एक जण तर नुसता उभा राहिला की समोरच्याला आपली सगळी पापं आठवायची असा. सासऱ्यांनी पस्तीस वर्षांत एकेक करून जमवलेले. दिवसा ती खोली अंधारी असायची. बटण दाबलं की इतके सगळे बलदंड लोक एका रांगेत पाठ करून उभे आहेत असं वाटायचं, एखाद्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत असल्यासारखे.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिनं असलं काही वाचलेलं नव्हतं. पहिल्या महिन्यातच एका दुपारी सासऱ्यांनी तिच्या हातात ‘घण’ या मालिकेचा सदतिसावा अंक ठेवला. घण म्हणजे इतका ताकदवान माणूस की त्याला कपाचा कान धरता येत नाही, तुटतो. तिनं विचारलं, “बाबा, पहिला अंक कुठाय?”

“कशाला हवाय?”

“सुरुवातीपासून वाचायला नको?”

“तू या घरात सुरुवातीपासून आलीस का?” सासरे म्हणाले. “तू आलीस तेव्हा भांडणं चालू होती. कोण कोणाशी बोलत नाही, कुणाच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, हे तुला कुणी सांगितलं होतं? तरी लागलीच ना ओळख? वाच.”

तिनं वाचला. संध्याकाळी ती भांडी घासताना एक कप फुटला आणि तिला त्या माणसाची इतकी दया आली की नळ तसाच वाहत राहिला. सासूबाईंनी दोन आठवडे त्या कपाचा विषय काढला. सासरे मात्र दुसऱ्याच दिवसापासून तिला मागच्या खोलीत घेऊन बसू लागले.

त्यांचं म्हणणं असं की नव्या वाचकाला पहिला अंक कधी द्यायचा नाही. पहिला अंक घाबरलेला असतो. लिहिणाऱ्यालाच अजून ठाऊक नसतं आपला माणूस कसा आहे ते. छाती काढून उभा असतो, आणि पाय लटपटत असतात. वीस-पंचवीस अंक जाऊ द्यावेत. मग तो माणूस एखाद्या पानावर कंटाळलेला दिसतो, जांभई देतो, बुटाची नाडी बांधतो. तिथं गाठायचं त्याला.

सासरे गेल्यावर मागची खोली तिची झाली. चिठ्ठ्या तिनंच सुरू केल्या. पुस्तकांच्या नोंदीची जुनी कार्डं उभी कापायची, त्यावर मालिकेचं नाव आणि पाच-सहा आकडे. इथून सुरू करा, मग हा, मग हा. नवा माणूस आला की ती एकच प्रश्न विचारायची, “तुम्हाला राग कशाचा येतो?”

लोक आधी हसायचे. मग खरं बोलायचे. एक नर्स म्हणाली, “कुणी फार आभार मानले की.” तिला ‘काजवा’ दिला. तो लोकांना वाचवतो आणि लगेच विझतो, त्याचा चेहरा कुणी पाहिलेलाच नाही. एक शिंपी म्हणाला, “माप देताना पोट आत ओढतात त्यांचा.” त्याला ‘पारा’. ती बाई कुठलाही आकार घेऊ शकते आणि स्वतःचा मूळ आकार विसरून बसली आहे. चौकातला पोलीस म्हणाला, “हॉर्नचा.” त्याला काजव्याचा एकेचाळिसावा अंक. त्यात सगळं शहर बहिरं होतं आणि बावीस पानांत एक अक्षर नाही. वाचनालयात त्याला मुका अंक म्हणत. पोलीस महिनाभर तो अंक परत द्यायला तयारच होईना.

वीस वर्षांत एकही चिठ्ठी वाया गेलेली नव्हती. निदान तिची तरी तशी समजूत होती. माणसाकडे बघून आपल्याला कळतं, याला काय पेलेल आणि काय पेलणार नाही, याचा तिला मनातल्या मनात अभिमान होता. तो ती कुणाला दाखवत नसे, पण आरशासमोर केस विंचरताना तो तिला स्वतःला दिसत असावा.

मग एके संध्याकाळी क्रेनवाले काका आले.

मालाच्या यार्डात क्रेन चालवणारा साठीला टेकलेला माणूस. खांदे रुंद, मान किंचित वर, सतत उंचीवरून खाली बघणाऱ्यांची जमिनीवर असते तशी. खाली आले की हे लोक वर बघत राहतात. हात दोनदा साबणानं धुतलेले दिसत होते, तरी नखांच्या कडेला वंगणाची काळी रेघ होतीच.

“सुपरहिरोंची पुस्तकं तुमच्याकडेच ना?” त्यांनी विचारलं. “नव्या माणसानं कुठून सुरुवात करावी?”

“कुणासाठी हवंय? नातवासाठी?”

“मलाच.”

टेबलापाशी पेपर वाचत बसलेल्या मास्तरांनी पेपर एक इंच खाली केला. मास्तर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. ते रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा ‘घण’ वाचायचे आणि सांगताना मात्र सगळ्यांना आपण अग्रलेख वाचतो असं सांगायचे.

“राग कशाचा येतो तुम्हाला, काका?” तिनं विचारलं.

काकांनी विचार केला. “दोर नीट न बांधता खालून ‘उचल’ म्हणून ओरडतात, त्यांचा.”

तिला उत्तर आवडलं. तिनं झरझर चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या हातात दिली. काकांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं आणि त्यांचे ओठ हलू लागले. बोट पुढं सरकलं, थांबलं, मागं आलं, परत सरकलं. चार शब्दांना मिनिटभर लागलं. तिला सगळं कळलं. म्हणजे, तिला वाटलं की कळलं.

“थांबा हं काका,” ती म्हणाली, आवाज नकळत मऊ झाला, “ती चिठ्ठी राहू द्या. तुम्हाला मी एक खास अंक देते.” आणि तिनं मुका अंक काढून दिला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर काका आले. अंक टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवलाच, पण असा की टेबलावरचे पेपर हलले.

“ताई, यात अक्षरं कुठायत?”

“त्याचीच तर गंमत आहे, काका. चित्रांवरूनच सगळं…”

“चित्रांवरून मला साठ वर्षं कळतंय.” काका म्हणाले. “चित्रं बघता येत होतीच मला. त्यासाठी मी नऊ महिने शाळेत नाही गेलो.”

मास्तरांनी पेपर पूर्ण खाली ठेवला. परत आलेले अंक तपासायला दाराशी बसलेल्या सासूबाई, ज्यांना एका कानानं कमी ऐकू येत असे आणि नेमका कुठला ते त्या सोयीनुसार ठरवत, त्या मोठ्यानं म्हणाल्या, “बरोबर बोलतायत ते. पाटावर बसवून रिकामं ताट वाढलंस तू.”

यादीताईचे कान लाल झाले. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “बसा काका. काय वाचायचंय तुम्हाला? खरंखरं सांगा.”

काका बसले. खुर्ची त्यांना लहान होती. “तुमच्याकडे ‘अलगद’ आहे?”

“आहे की. चोवीस अंक आलेत. पण ती नव्या वाचकासाठी जरा…”

“ती माझी मुलगी लिहिते.”

मग त्यांनी सांगितलं. बायको मुलगी लहान असतानाच गेली. मुलगी शिकली, दूरच्या शहरात गेली, आणि तिथं एका प्रकाशनासाठी ही मालिका लिहू लागली. चित्रं दुसराच कुणी काढतो, गोष्ट आणि बोलणं हिचं. आपल्या बापाला वाचता येत नाही हे तिला पहिल्यापासून ठाऊक. दर अंक निघाला की ती फोन करून त्यांना गोष्ट वाचून दाखवते. आता महिनाअखेरीस आठ दिवस घरी येणार आहे. यार्डातल्या स्टोअरकीपरची बायको विश्रांतीच्या खोलीत शिफ्टनंतर मोठ्यांचा वर्ग घेते, तिथं काका नऊ महिने जात होते. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं.

“ती यायच्या आत मला तिचं सगळं वाचून काढायचंय. माझ्या डोळ्यांनी. ती नुसतं माझ्यापुरतं सांगते की काय, काय माहीत. तिच्या मनात माझ्याबद्दल नेमकं काय आहे ते मला बघायचंय, ताई. बाप क्रेनवर आहे म्हणून क्रेनची गोष्ट सांगायची, हे वेगळं, आणि ती लिहिते ते वेगळं.”

‘अलगद’ची नायिका जड वस्तूला हात लावते आणि ती वस्तू पिसासारखी हलकी होते. तेवढा भार मग दिवसभर तिच्या स्वतःच्या हाडांत राहतो. पडणारे पूल ती धरते आणि संध्याकाळी तिला जिना चढवत नाही. यादीताईनं सगळे अंक वाचलेले होते, आणि काका बोलत असतानाच तिला एकोणिसावा अंक आठवला.

त्या अंकात नायिका दहा वर्षांची आहे. तिच्या निबंधाला बक्षीस मिळालंय. बाप कामावरून तसाच शाळेत आलाय, आणि बाई कौतुकानं त्याच्या हातात निबंध देऊन म्हणतात, तुम्हीच वाचून दाखवा सगळ्यांना. बाप म्हणतो, चष्मा घरी राहिला. बाई आपला चष्मा काढून देतात. बाप तो घालतो, कागदाकडे बघत राहतो, मग कागद मुलीच्या बाकावर ठेवून बाहेर जातो. वर्गात कुणीतरी हसतं. बाई मुलीला विचारतात, हे तुझे बाबा ना? आणि ती म्हणते, “नाही. शेजारचे काका आहेत. बाबा कामावर गेलेत.” ते म्हटल्याबरोबर तिच्या पुढ्यातला तो कागद जड होऊ लागतो. इतका की बाक मोडतो.

पहिल्यांदा वाचला तेव्हा यादीताईला तो अंक सगळ्या मालिकेत श्रेष्ठ वाटला होता. आता समोर तो बाप बसला होता, लहान खुर्चीत गुडघे जवळ घेऊन. नऊ महिने एकेक अक्षर कमावून हा माणूस आपली फजिती वाचायला निघाला आहे, असं तिला वाटलं. मुलीनंच ती छापली, हेही त्याला कळणार.

तिनं नवी चिठ्ठी केली. ‘अलगद’: ६, ९, १२, १४, १५, १७, १८, २०, २२, २४. मग उरलेले. एकोणीस नाही. काका गेल्यावर तिनं तो अंक रॅकमधून काढला आणि आपल्या टेबलाच्या खणात, सासऱ्यांच्या जुन्या उपरण्याखाली ठेवला.

“एकोणीस कुठाय?” सासूबाईंनी चौथ्या दिवशी विचारलं. त्यांना अंकांचे चेहरे पाठ होते.

“शिवायला टाकलाय. पिना गंजल्या होत्या.”

“खोटं बोलतेस तेव्हा तुझ्या नाकाला घाम येतो,” सासूबाई म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून बघतेय.”

काका रोज शिफ्टनंतर येऊ लागले. टेबलाच्या टोकाला, दिव्याखाली. ते मनात वाचू शकत नसत, आवाज यायचाच, हळू, खर्जातला, दूरवर कुठलं तरी यंत्र चालू असल्यासारखा. आधी मास्तर वैतागले. दोन दिवस त्यांनी खुर्ची लांब सरकवली. तिसऱ्या दिवशी जवळ आणली.

“तो ‘क्ष’ आहे, काका. घाबरू नका. दिसायला भांडखोर आहे, पण येतो फार क्वचित.”

“आमच्या यार्डातही आहे तसा एक,” काका म्हणाले. “मुकादम.”

मास्तर हसले ते इतके की त्यांचा पेपर घसरून मधला ‘घण’ सगळ्यांना दिसला.

काका वाचत तेव्हा मध्येच बोलत. “पूल असा नाही उचलत कुणी. मधोमध धरला तर वाकेल.” किंवा, “हे तिनं मला सांगितलं होतं, पण फोनवर गोष्टीतली बाई एवढी बोलत नव्हती.” एकदा, बाराव्या अंकात नायिका क्रेनच्या टोकावर एकटी बसलेली असते, तिथं ते बराच वेळ थांबले. “वर वारा असतो,” एवढंच म्हणाले. यादीताई चिठ्ठ्या कापता कापता ऐकत राही. तिला बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्यात एक खडा होता, भातात लागावा तसा. आपण त्याला वाचवतोय, हे वाक्य ती मनात वरचेवर म्हणत होती. सारखं म्हणावं लागत होतं.

मुलगी यायला चार दिवस उरले असताना काकांनी विसावा अंक उघडला. पहिलं पान वाचलं. मिटला. उठून तिच्या टेबलापाशी आले.

“ताई, तुमच्या यादीत एकोणीस नाही.”

“सगळेच थोडे लिहिते मी, काका. तेराही आधी नव्हता, तो नंतर…”

“नंतरच्यात तेरा आहे, सोळा आहे, एकवीस आहे. एकोणीस कुठंच नाही.” काका शांतपणे म्हणाले. “अक्षर मला आता आता येतंय. आकडे मला तुमच्या जन्माआधीपासून येतात. एक पेटी कमी भरली तर मला वरून दिसतं.”

तिनं खणावर हात ठेवला.

“तिनंसुद्धा हेच केलं,” काका म्हणाले. “अठरावा वाचून दाखवला. पुढच्या वेळी फोन आला तो थेट विसावा. मी विचारलं, मधला कुठं गेला? म्हणाली, तो असाच होता बाबा, भरतीचा. तेव्हाच मी त्या वर्गात नाव घातलं. दुसरं काही कारण नव्हतं, ताई. वाचायची मला हौस नाही. मला एकोणीस बघायचाय. तिनं लपवला, आता तुम्ही लपवता. असं काय आहे त्यात, जे सगळ्या जगानं वाचलंय आणि मला पेलणार नाही?”

मास्तर खाली बघत होते. सासूबाईंचे दोन्ही कान नीट काम करत होते.

“तुम्हाला त्रास होईल असं वाटलं,” ती म्हणाली.

“माझा त्रास तुम्ही का वाटून घ्यायचा? विचारलं होतं मी?”

वीस वर्षांत तिनं किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील, आणि प्रत्येक चिठ्ठीत जे लिहिलं नाही ते किती असेल, हे एकदम तिच्या अंगावर आलं. याला नको, हिला झेपणार नाही, हा अजून तयार नाही. माणसांना ती वाट दाखवत होती तशी दारंही लावत होती, आणि लावलेलं दार कुणाला दिसत नव्हतं. तिनं खण उघडला आणि अंक काढून दिला.

काका जागेवर जाऊन बसले नाहीत. तिच्याच टेबलासमोर उभ्यानं वाचू लागले. बोट अक्षराखाली. तोच खर्जातला आवाज. शाळा, बाक, बक्षीस. बाई कागद देतात तिथं आवाज जरा हळू झाला. चष्मा. कागद खाली. मग ती चौकट.

“ना… ही. शे… जार… चे… का… का… आहेत.”

त्यांनी ते परत एकदा वाचलं. या वेळी सलग.

काकांनी पुढचं पान उलटलं नाही. ते म्हणाले, “हे चुकलंय.”

“काका, ती गोष्ट आहे,” यादीताई घाईनं म्हणाली. “लेखक लोक काहीही…”

“चष्म्याचं चुकलंय. चष्मा राहिला असं मी म्हटलंच नव्हतं. मला तेव्हा चष्मा कुठं होता? मी म्हटलं होतं, हात काळे आहेत, कागद खराब होईल. आणि खरंच काळे होते. तेवढ्यावर निभावलं होतं. बाईंनी चष्मा-बिष्मा काही दिला नाही.” त्यांनी चौकटीवर बोट टेकलं. “हे मात्र बरोबर आहे. असंच म्हणाली होती ती.”

यादीताईनं वर पाहिलं.

“मी दारातच होतो,” काका म्हणाले. “चप्पल घालत होतो. पट्टा तुटला होता, म्हणून वेळ लागला.”

“तुम्हाला ऐकू आलं होतं?”

“सव्वीस वर्षं झाली.”

“आणि तिला…”

“तिला कसं कळणार? मी बाहेर थांबलो. ती आली. दोघं घरी गेलो. रस्त्यात तिला म्हटलं, बक्षीस छान आहे.” त्यांनी अंक तिच्याकडे वळवला. “मला वाटत होतं ती विसरली असेल. दहा वर्षांचं पोर. ती विसरली असेल असंच धरून चाललो होतो मी. आणि ही बघा, इथं खाली हिनं बाक मोडला.”

एवढा वेळ यादीताईला वाटत होतं की हा अंक बापाच्या फजितीचा आहे. अंक मुलीचा होता. तिनं लपवला होता तो बापाला वाचवायला नाही. बापानं वाचला तर काय, या भीतीनं तिची स्वतःचीच हाडं जड झाली होती. चोवीस अंक पाठ असलेल्या यादीताईला हे दिसलं नव्हतं. नऊ महिन्यांच्या वाचकाला एका दमात दिसलं.

“आता तुम्ही सांगा,” काका म्हणाले. “तुम्ही लोकांना सांगता ना, काय आधी, काय नंतर. तिला सांगू का, मला ऐकू आलं होतं म्हणून? की नको?”

सासूबाई, मास्तर, दोघंही तिच्याकडे बघत होते. तिच्या तोंडाशी तीन उत्तरं आली. तिन्ही शहाणी होती. तिनं ती गिळली.

“मला नाही माहीत, काका.”

काकांनी मान हलवली. जणू ते उत्तर त्यांना चाललं. “हा मी घरी नेतो,” ते म्हणाले. “ती आली की वाचून दाखवेन. इतकी वर्षं तिनं मला वाचून दाखवलं.”

“हाच?” मास्तरांना राहवलं नाही. “काका, चोवीस आहेत. एखादा हलकासा…”

“हाच. बाकीचे तिनं मला वाचून दाखवलेतच.”

पुढचे तीन दिवस ते अंक बरोबर घेऊन येत आणि तोच वाचत. सराव. मास्तर शेजारी बसून जोडाक्षरं सोडवून देत. तिसऱ्या दिवशी सगळा अंक बऱ्यापैकी सलग येऊ लागला, फक्त त्या चौकटीशी ते अडखळत. अक्षरं सोपी होती, तरी.

“एवढं ‘प्रतिष्ठित’ वाचता, आणि ‘शेजारचे’ला थांबता?” सासूबाई म्हणाल्या.

“तिथं दम लागतो,” काका म्हणाले.

मग आठ दिवस टेबलाचं ते टोक रिकामं राहिलं. मास्तरांनी ‘घण’ वाचला नाही. खरोखर अग्रलेख वाचला आणि म्हणाले की फारच वाईट लिहितात हल्ली. एक नवी बाई आली, शाळेच्या बसवर वाहक होती. यादीताईनं सवयीनं विचारलं, राग कशाचा येतो, आणि उत्तर ऐकून कार्डाकडे हात नेला. मग हात मागं घेतला. “आत या,” ती म्हणाली, “दिवा लावते. सगळं बघा. मला काही वाटलं तर मी सांगेन, पण तुम्ही बघा.” ती बाई तासभर आत उभी होती आणि शेवटी एका मालिकेचा पहिला अंक घेऊन गेली. यादीताईनं तिला अडवलं नाही. तिला ते जड गेलं.

नवव्या दिवशी काका आले. अंक सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो तपासायला उघडलाच नाही, तसाच मांडीवर धरून बसल्या.

“वाचलात?” यादीताईनं विचारलं.

“वाचला. पहिल्या दिवशी नाही जमलं. चौथ्या दिवशी सकाळी बसलो. तिला म्हटलं, ऐक. तिला वाटलं मी गंमत करतोय. पहिल्या पानावर रडायला लागली, मला वाचता येतंय म्हणून. म्हटलं, आत्ता नको, पुढं लागेल.”

मास्तर हसले.

“मग त्या चौकटीशी आलो. तिला माहीतच होतं ना कुठं काय आहे ते. मी तोंड उघडलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. लहानपणी ठेवायची तसा.”

“मग?”

“मग मी तिचा हात बाजूला केला आणि वाचलं. आणि पुढचंही वाचलं.” काका खुर्ची ओढून बसले. “त्याच्यापुढं अजून चार पानं होती ना.”

दारात होतात ते सांगितलंत का, हे यादीताईला विचारायचं होतं. काकांनीच सांगितलं, टेबलावरचा पेपर आपल्याकडे ओढता ओढता, जणू ते फार महत्त्वाचं नव्हतं.

“दारात होतो ते सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. फक्त चष्म्याचं चुकलंय म्हटलं, हात काळे होते म्हटलं. तर माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. हुशार आहे ती. तिथपर्यंतचं मला एवढं नीट आठवतंय, तर पुढचंही कानावर पडलं असेल, हे तिला कळलं असेल.” त्यांनी पेपरच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. “आणि नसेल कळलं, तर विचारेल कधीतरी. विचारलं की सांगेन.”